एका छपराखाली आलेल्या वाहिन्या

वाईच्या पलीकडं एका गावात दोन चौकी जुना वाडा आहे. त्याच्या मागच्या चौकात एक तुळशीवृंदावन उभं आहे, प्लायवूडचं. मालिकेच्या आर्ट डिपार्टमेंटनं ते बनवलं होतं. वरून पीओपी, त्यावर दगडाच्या रंगाचा हात, कोपऱ्यात पणतीसाठी कोनाडा. मालिका संपली, जनरेटर व्हॅन आणि युनिटच्या गाड्या घाट चढून गेल्या आणि वृंदावन मागं राहिलं. एका पावसाळ्यात त्याचा प्लाय फुगून पापुद्रे सुटले. घरच्या काकूंनी त्यातच पत्र्याचा डबा ठेवून खरी तुळस लावली आहे.

मी सांगलीहून गेलो होतो. चहा घेता घेता काकांनी विचारलं, "आता त्या स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी, दोन्ही वाहिन्या एकाच मालकाच्या झाल्या म्हणत्यात. मग आमच्याकडं शूटिंग कोण आणणार?"

प्रश्न भाड्याच्या वाड्याचा होता, पण तो जातो थेट मनोरंजनाच्या धंद्याच्या मुळाशी. त्याचं उत्तर शोधायचं तर बरंच मागं जावं लागतं, आणि मी सांगलीकर असल्यानं मला तरी आधी नाटक मंडळ्याच आठवतात.

1843 साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. तेव्हा राजाश्रय म्हणजेच मालकी होती. पुढं तिकीट लावून नाटक करणाऱ्या मंडळ्या उभ्या राहिल्या आणि त्यांचा इतिहास हा बहुतांशी फाटाफुटीचा इतिहास आहे. किर्लोस्कर मंडळी 1880 ची. तिच्यातून 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. केशवराव भोसल्यांनी आधीची कंपनी सोडून 1908 मध्ये हुबळीला ललितकलादर्श काढली. प्रत्येक फुटीत कटुता होती, कर्जं होती, पण प्रत्येक फुटीनंतर लेखकाला आणखी एक दार मिळत होतं. एका मंडळीनं नाटक नाकारलं तर दुसरीकडं वाचन ठेवता येत होतं. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केलं. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर एका रंगमंचावर बघायला मुंबई लोटली. प्रयोग संपला आणि मंडळ्या आपापल्या बिऱ्हाडी परतल्या. एकत्र येणं एका कामापुरतं होतं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

टीव्हीवर दारं उघडायला 1990 चं दशक उजाडावं लागलं. तोवर दूरदर्शन एकटंच होतं. 1991 मध्ये हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला, 2 ऑक्टोबर 1992 ला सुभाष चंद्रांची झी आली. सांगलीतल्या गच्च्यांवर छत्र्यांएवढ्या डिश दिसायला लागल्या आणि नारळाच्या झाडांवरून, विजेच्या खांबांवरून काळ्या वायरी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेल्या. महिन्याच्या सुरुवातीला केबलवाला वही घेऊन दारात यायचा. चित्र बिघडलं की त्याच्या घरी निरोप जायचा. मालक आपल्या गल्लीतला आहे असं तेव्हा वाटायचं. खरा मालक मात्र 1993 मध्येच बदलला होता: रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशननं स्टारचा मोठा हिस्सा साडेबावन्न कोटी डॉलरला घेतला आणि 1995 मध्ये उरलेलाही घेतला. केबलचा कायदासुद्धा 1995 सालचाच. म्हणजे तारा आधी आल्या, मालकी आधी फिरली, नियम मागून आले. पुढंही हाच क्रम राहिला.

मराठीपुरतं बोलायचं तर नंतरची वीस वर्षं भरभराटीची. 1999 मध्ये अल्फा मराठी, जी पुढं झी मराठी झाली. 2000 मध्ये हैदराबादच्या रामोजी रावांच्या समूहाची ई टीव्ही मराठी. 2008 मध्ये स्टार प्रवाह, 2018 मध्ये सोनी मराठी, 2021 मध्ये सन मराठी. ई टीव्ही मराठी आली तेव्हाचा उत्साह मला अजून आठवतो. राज्य नाट्य स्पर्धेत सांगली केंद्रावर कामं करणारी पोरं फोटो घेऊन हैदराबादला आणि मुंबईला जायला लागली. नंतर मालिकाच मुंबई सोडून बाहेर पडल्या. सातारा जिल्ह्यात घाट आहेत, कृष्णेचे दगडी घाट आहेत, उसाची शेतं आहेत, वाडे आहेत आणि पुण्याहून दोन-तीन तासांत पोचता येतं. वाई आणि मेणवलीला हिंदी सिनेमा आधीपासूनच येत होता. मालिका आल्यावर त्या भागाला रोजचं काम मिळालं. सिनेमा महिन्याभरात परत जातो, मालिका वर्ष-दोन वर्षं राहते. जेवणाचं कंत्राट, गाड्या, खोल्या, लाइटच्या पोरांना हाताखाली माणसं, गर्दीच्या सीनला ज्युनिअर आर्टिस्ट, सगळं गावातून.

याच काळात वरच्या मजल्यावर खरेदी-विक्री चालू होती. 2012 च्या जानेवारीत नेटवर्क 18 समूहाच्या टीव्ही 18 नं ई टीव्हीच्या प्रादेशिक वाहिन्या घेण्याचा व्यवहार जाहीर केला. त्यामागं पैसा रिलायन्सचा होता. 2014 मध्ये व्यवहार पुरा झाला, त्याच वर्षी नेटवर्क 18 च रिलायन्सच्या ताब्यात गेलं आणि 2015 मध्ये ई टीव्ही मराठीची कलर्स मराठी झाली. बघणाऱ्याला फक्त लोगो बदललेला दिसला.

दुसऱ्या बाजूची, म्हणजे स्टारची, गोष्ट अमेरिकेत घडत होती. तिथं 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं सिनेमा बनवणाऱ्या स्टुडिओंना थिएटरांची मालकी सोडावी लागली होती. 1970 पासून टीव्ही नेटवर्कना स्वतः दाखवत असलेल्या बहुतेक मालिकांची मालकी ठेवण्यावर बंधन होतं. ते 1993 मध्ये सैल झालं आणि 1995 मध्ये डिस्नेनं एबीसी हे टीव्ही नेटवर्क घेण्याचं जाहीर केलं. पुढं इंटरनेटवाली एओएल आणि सिनेमा-टीव्हीवाली टाइम वॉर्नर या कंपन्यांचा संसार झाला, अफाट तोटा करून 2009 मध्ये मोडला. तरी भूक कमी झाली नाही. मार्च 2019 मध्ये डिस्नेनं सुमारे 71 अब्ज डॉलर मोजून मर्डॉक यांच्या फॉक्सचा मोठा भाग घेतला आणि त्या गाठोड्यात स्टार इंडिया आली. म्हणजे साताऱ्याच्या मातीत चित्रित होणारी एखादी स्टार प्रवाहची मालिका कुणाच्या मालकीची, हे अमेरिकेतल्या एका सौद्यात ठरलं.

मग कंपन्या एकत्र का येतात? भारतात याचं एका शब्दातलं उत्तर क्रिकेट आहे. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांचे प्रसारण हक्क 48,390 कोटींना गेले. टीव्हीचे डिस्ने स्टारनं 23,575 कोटींना घेतले, डिजिटलचे रिलायन्सच्या व्हायकॉम 18 नं, जिच्याकडं कलर्स मराठीही होती, आणि जिओ सिनेमावर 2023 चा हंगाम फुकट दाखवला. एकाच सामन्यासाठी दोघांनी एवढे पैसे ओतले, त्यातला एक तो फुकट वाटत होता. जाहिराती गूगल आणि फेसबुककडं वळत होत्या, केबलचं कनेक्शन सोडणारी घरं वाढत होती. अशा लढाईत दोघांनाही दमछाक होते आणि मग तह होतो. 28 फेब्रुवारी 2024 ला डिस्ने आणि रिलायन्स यांचा करार जाहीर झाला. ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं अटींसह मान्यता दिली. 14 नोव्हेंबरला सुमारे 70,352 कोटी मूल्याची, शंभरावर वाहिन्यांची जिओस्टार ही संयुक्त कंपनी झाली. त्या दिवशी स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एका छपराखाली आल्या. 14 फेब्रुवारी 2025 ला दोघांचं एकत्र अ‍ॅप, जिओ हॉटस्टार, सुरू झालं.

आयोगाच्या छाननीत सगळ्यात जास्त लक्ष क्रिकेटच्या जाहिरातींवर होतं. काही वाहिन्या विकण्याची, टीव्ही आणि ऑनलाइनच्या क्रिकेट जाहिराती एकत्र बांधून न विकण्याची तयारी कंपन्यांनी दाखवली. जाहिरातदाराचं हित त्यात बघितलं गेलं, ते बरोबरच आहे. पण मराठी मालिकेच्या निर्मात्याला आता किती दारं उरली, हे मोजायला आपल्याकडं तराजू नाही. वृत्तपत्र, वाहिन्या आणि केबल एकाच हातात किती असावीत याविषयी ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, 2009 आणि 2014 मध्ये सरकारला शिफारशी केल्या होत्या. तसा कायदा अजून झालेला नाही. हॅथवे आणि डेन या मोठ्या केबल कंपन्यांत नियंत्रण घेण्याचं रिलायन्सनं 2018 मध्ये जाहीर केलं आणि नंतर ते घेतलं. त्यामुळं वाहिनीही त्यांची, ती घरात आणणारी तारही त्यांची आणि मोबाइलचा डेटाही त्यांचा, अशी घरं आज आहेत.

निर्मात्याची अडचण नीट समजून घ्यायला हवी. बहुतेक मालिका वाहिनीच्या पैशावर बनतात. निर्मात्याला एपिसोडमागं ठरलेली रक्कम मिळते, हक्क वाहिनीकडं राहतात. त्यामुळं वाहिनी विकली गेली की जुने एपिसोडही नव्या मालकाकडं जातात. लेखकाच्या किंवा नटाच्या हातात तेव्हा काही नसतं. त्याचं एकच बळ असतं: रात्री आठच्या स्लॉटला दुसऱ्या वाहिनीला चांगली गोष्ट हवी असते. दोन्ही वाहिन्या एकाच घरच्या झाल्या की आठ वाजता एकमेकींना मारण्यात त्या घराचा काय फायदा? एकीवर मोठी मालिका, दुसरीवर बेताच्या खर्चातली किंवा डब केलेली, हा हिशेब कुठलाही मालक करेल. खर्च कापायचा तर पहिली कात्री आउटडोअरला लागते. फिल्मसिटीत सेट लावला की गाड्या, खोल्या, जेवण, सगळं वाचतं. काकांची भीती तिथून येते, आणि ती रास्त आहे.

झीची गोष्ट यातच येते. सोनी आणि झी यांचं विलीनीकरण सप्टेंबर 2021 मध्ये जाहीर झालं, आयोगानं 2022 मध्ये तीन हिंदी वाहिन्या विकण्याच्या अटीवर मान्यताही दिली आणि 22 जानेवारी 2024 ला सोनीनं ते मोडलं. ते झालं असतं तर झी मराठी आणि सोनी मराठीही एकाच घरात आल्या असत्या. ते मोडलं म्हणून आज मराठी निर्मात्याला चार मालक तरी आहेत: जिओस्टार, झी, सोनी आणि सन. झीत संस्थापक कुटुंबाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आहे. तो वाढवण्याचा प्रस्ताव जुलै 2025 मध्ये भागधारकांनी फेटाळला. त्यामुळं झीवर उद्या कुणाची नजर पडेल याची चर्चा थांबत नाही. चारांचे तीन व्हायला एक सौदा पुरतो.

काकांना मी हे चार मालक बोटांवर मोजून दाखवले. त्यांनी ऐकून घेतलं आणि आतून एक वही आणली. कुठल्या तारखेला कुठलं युनिट आलं, किती दिवस राहिलं, भाडं किती मिळालं, सगळं निळ्या पेनानं लिहिलेलं होतं. शेवटच्या नोंदीखाली अर्धं पान कोरं होतं. "चौघांचे फोन नंबर मिळतील का?" त्यांनी विचारलं. दोन प्रॉडक्शन मॅनेजरचे माझ्याकडं होते, ते मी त्या कोऱ्या पानावर लिहून दिले.