नवऱ्याची ॲस्पिरिन बायकोला लागू पडते का?

दादर-परळच्या औषध दुकानांत ‘ह्यांची ॲस्पिरिन ७५ चालूच आहे, माझ्यासाठीही एक स्ट्रिप द्या’ अशी मागणी नवी नाही. हृदयाची काळजी म्हणून हे ठीक वाटतं, पण गफलत इथंच होते.

ॲस्पिरिनचं नाव ज्या अभ्यासानं झालं, त्यात २२,०७१ डॉक्टर होते आणि सगळे पुरुष. दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हार्ट अटॅक ४४ टक्क्यांनी घटले. पुढे पंचेचाळिशीच्या वरच्या सुमारे ४० हजार निरोगी स्त्रियांना दिवसाआड १०० मिलिग्रॅम देऊन दहा वर्षं पाहिलं. २००५ साली निकाल आला. एकूण पाहता हार्ट अटॅकमध्ये फरक नाही. पक्षाघात १७ टक्क्यांनी कमी. पोटातला रक्तस्राव मात्र वाढलेला. (डोस वेगळे होते, तेव्हा सगळं खापर स्त्रीदेहावर फोडू नये.) आता तर हृदयविकार नसलेल्या साठीपुढच्या पुरुषांनाही ती नव्यानं सुरू करत नाहीत. अटॅक येऊन गेला असेल किंवा स्टेंट बसवला असेल, तर गोष्ट निराळी. तिथं ती दोघांनाही लागते आणि मनानं बंद करणं धोक्याचं.

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांचं तसं नाही. २७ चाचण्यांतल्या १ लाख ७४ हजार लोकांची माहिती २०१५ मध्ये एकत्र तपासली गेली. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, डेसिलिटरमागे ३९ मिलिग्रॅमनं उतरलं की अटॅक-पक्षाघातासारखे प्रसंग पुरुषांत २२ आणि स्त्रियांत १६ टक्क्यांनी घटले. मुळातल्या धोक्याचा हिशेब धरल्यावर हा फरक नगण्य ठरला. म्हणजे गोळी बायकांनाही लागू पडते. अडतं ते पुढे: पाय दुखतात, गोळी बंद. स्नायूदुखी स्त्रियांत, त्यातही किरकोळ बांध्याच्या आणि वयस्कर स्त्रियांत, जास्त आढळते. पण आधी टीएसएच (थायरॉईडची चाचणी) आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी चाचणी) तपासावं. थायरॉईड मंद असेल तर स्नायूही दुखतात आणि एलडीएलही वाढतं. नाहक बदनाम होते स्टॅटिन. तरीही त्रास राहिला तर डॉक्टर डोस अर्धा करतात किंवा दुसरं स्टॅटिन देतात. २० मिलिग्रॅमची १० केल्यानं परिणाम अर्धा होत नाही, एलडीएलमधली टक्क्यांतली घट जेमतेम ६ अंकांनी कमी होते.

मूल हवं असेल तर स्टॅटिन आणि टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्यांबद्दल आधीच विचारावं. टेल्मिसार्टन गर्भाच्या मूत्रपिंडाला घातक आहे. गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती का, हे पन्नाशीतल्या बाईनंही तपासणीत आपणहून सांगावं. धोका ठरवताना ते मोजलं जातं, आणि बऱ्याचदा कुणी विचारतच नाही.