केस पुसट, तरी नाणं कोरं

न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत १८९२ साली पाडलेला अमेरिकी मॉर्गन डॉलर भिंगाखाली धरा. त्यावरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या, कानावरच्या बटा बहुधा पुसटच दिसतील. नवखा संग्राहक लगेच म्हणतो, झिजलंय. पण हे नाणं कुणाच्या खिशात एकदाही गेलेलं नसू शकतं.

नाणं पाडताना चांदीची चकती दोन पोलादी ठशांमध्ये दाबली जाते. धातू वितळलेला नसतो. दाबाखाली तो मळलेल्या कणकेसारखा सरकतो आणि ठशातल्या खाचांत शिरतो. खाच जितकी खोल, तितकी ती उशिरा भरते. मॉर्गन डॉलरमध्ये कानावरच्या केसांच्या बरोबर पाठीमागे, नाण्याच्या दुसऱ्या बाजूला, गरुडाची छाती येते. दोन्ही बाजूंनी खोल खाच, आणि मधला धातू मात्र तेवढाच! ठशांमधलं अंतर किंचित जास्त राहिलं, की केसही अर्धवट आणि छातीवरची पिसंही. दाब कमी ठेवला तर ठसे जास्त टिकतात, त्यामुळे हा मोह टांकसाळीला होतोच. सॅन फ्रान्सिस्कोच्या १८८०-८१च्या डॉलरांवर मात्र हेच केस सुटे सुटे उठलेले दिसतात.

मग झीज ओळखायची कशी? धातू सरकताना पृष्ठभागावर केंद्राकडून कडेकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात. दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं केलं की त्यांच्यामुळेच चकाकीचा पट्टा गरगर फिरतो. वापरात आधी या रेषा जातात, तेही उंचवट्यांवर. तिथे रंग करडा पडतो. ठसा नीट न उठलेल्या जागी असा करडेपणा नसतो. उलट चकतीवरचे मूळचे बारीक ओरखडे तिथे शाबूत सापडतात, कारण ठसा तिथवर पुरता टेकलेलाच नसतो.

नाण्याची अवस्था अंकांत मोजणारी शेल्डन श्रेणी १ ते ७० अशी चालते. न वापरलेली नाणी ६०पासून पुढे. कमकुवत ठशामुळे नाणं वापरलेलं ठरत नाही, फक्त वरच्या अंकांची आशा सोडावी लागते. १९४५च्या फिलाडेल्फियाच्या मर्क्युरी डाइमवर, म्हणजे दहा सेंटच्या नाण्यावर, मागच्या बाजूच्या काठ्यांच्या मोळीचे मधले पट्टे स्पष्ट वेगळे दिसले, तर किंमत कैक पटींनी चढते. एवढ्याशा भेगेसाठी इतके पैसे मोजणं मला तरी हौसेचा अतिरेक वाटतो.

शिवराईला हे माप लावूच नये. ती हातोड्याने पाडलेली, आणि ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा. त्यामुळे ‘श्री राजा शिव’मधलं एखादं अक्षर कडेबाहेरच राहतं. तिथे आधी पाहायचं ते अक्षरं किती आली. ती किती उठली, हे त्यानंतर.