कांडीत अंड्याचा बलक कशाला?

गाय उलटली, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की शिरूर-जुन्नरकडच्या गोठ्यांत पहिला संशय कांडीवर, म्हणजे गोठवलेल्या रेताच्या बारीक नळीवर येतो. 'पातळ होतं, पाणी भरलंय.' पातळ असतं हे खरं, पण ते मुद्दाम तसं केलेलं असतं. वळू एका वेळी साधारण 5 ते 8 मिलिलिटर रेत देतो आणि दर मिलिलिटरमागे शंभर कोटींच्या आसपास शुक्राणू असतात. कृत्रिम रेतनात रेत थेट गर्भाशयात सोडतात, म्हणून एका कांडीत 2 कोटी पुरतात. या हिशेबाने 6 मिलिलिटर रेताच्या पाव मिलिलिटरच्या तीनशे कांड्या होतात. मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळीकांचनला बाएफ ही संस्था सुरू केली. तिने गोठवलेलं रेत गावोगावच्या गोठ्यांत पोचवलं, ते याच हिशेबावर.

मग रेतात मिसळतात काय? ट्रिस (आम्लता स्थिर ठेवणारं रसायन), सायट्रिक आम्ल, फ्रुक्टोज आणि प्रतिजैविकं, शिवाय 100 मिलिलिटर मिश्रणात 6.4 मिलिलिटर ग्लिसरॉल आणि तब्बल 20 मिलिलिटर कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक. अंडं ताजं लागतं. बलक गाळणकागदावर लोळवून त्याला चिकटलेला पांढरा भाग काढून टाकतात, मग पडदा फोडून आतला द्रव घेतात.

रेत साठवायला बलक उपयोगी पडतो हे अमेरिकेत फिलिप्स यांनी 1939 सालीच दाखवलं होतं. तो का उपयोगी पडतो, याचं समाधानकारक उत्तर मात्र कॅनडातल्या माँट्रियलचे संशोधक पुट्टस्वामी मंजुनाथ यांच्या कामातून बऱ्याच उशिरा मिळालं. ते उत्तर मोठं मजेदार आहे, कारण बलक शुक्राणूला वाचवतो तो त्याच्याच रेतद्रवापासून, म्हणजे तो ज्यात पोहतो त्या द्रवापासून!

शुक्राणूचं आवरण फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल या स्निग्धद्रव्यांचं असतं. वळूच्या शुक्राशयातून बीएसपी नावाची प्रथिनं येतात आणि रेतद्रवातल्या एकूण प्रथिनांत त्यांचाच वाटा सर्वांत मोठा असतो. ती आवरणातल्या कोलीनयुक्त फॉस्फोलिपिडांना चिकटतात आणि कोलेस्टेरॉल ओढून बाहेर काढतात. गाईच्या शरीरात हे हवंच असतं, कारण आवरण सैल झाल्याशिवाय शुक्राणू फलनाला तयार होत नाही. पण तिथे शुक्राणू लवकरच रेतद्रव मागे टाकून पुढे जातो. बाटलीत तो त्याच द्रवात तासन्‌तास पडून राहतो आणि गळती चालूच राहते. असं झिजलेलं आवरण 15 अंशांखाली गार होऊ लागलं की त्यातली स्निग्धद्रव्यं जागोजाग थिजतात, भेगा पडतात आणि कॅल्शियम आत घुसतं. बलकातल्या एलडीएल या स्निग्धद्रव्य-प्रथिनांच्या कणांवरही तीच फॉस्फोलिपिडं असतात. प्रथिनं त्या आमिषाला घट्ट चिकटतात आणि शुक्राणू सुटतो. साय काढलेल्या दुधातही असंच काम होतं, फक्त तिथे आमिष केसिन या दुधातल्या प्रथिनाचं.

बोकडाच्या बाबतीत हाच बलक उलटतो. त्याच्या रेतद्रवातलं एक विकर बलकातल्या लेसिथिन या फॉस्फोलिपिडाचे तुकडे करतं आणि तयार होणारं लायसोलेसिथिन शुक्राणूंना विषारी ठरतं. म्हणून बोकडाचं रेत आधी सेंट्रिफ्यूजमध्ये धुऊन घेतात किंवा बलक अगदी कमी वापरतात.

रेतद्रव म्हणजे पाणी, प्रथिनं, फ्रुक्टोज, सायट्रेट आणि क्षार. 'चाळीस थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब बनतो' ही भीती विकणाऱ्या जाहिरातवाल्यांनी एवढी यादी तरी वाचावी.

पुढचं काम ग्लिसरॉलचं. ते पेशीतलं पाणी बाहेर काढून बर्फाचे स्फटिक कमी बनू देतं. रेत 4-5 अंशांवर सुमारे चार तास ठेवून, नत्राच्या वाफेत गोठवून, उणे 196 अंशांच्या द्रव नत्रात बुडवतात.

इथवर सगळं नीट झालं तरी गोठ्याशी येऊन नासतं. द्रव नत्राच्या पिंपाच्या मानेत कांड्या दहा सेकंदांपेक्षा जास्त वर धरल्या की बारीक स्फटिक एकत्र येऊन मोठे होतात. मग उरलेल्या कांड्या पुन्हा नत्रात सोडल्या तरी नुकसान भरून येत नाही. तळहातावर किंवा काखेत कांडी वितळवली तरी तेच होतं, कारण ती फार हळू वितळते. 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद बुडवायची आणि बाहेर काढताच कोरडी पुसायची. आत गेलेला साध्या पाण्याचा थेंबही शुक्राणूंना फुगवून मारतो. रेतन करणाऱ्याकडे तापमापक आहे का, एवढं पाहून घ्या. कांडी पातळ की घट्ट हे मग पाहायला नको.