बोडीत पाणी काम करतं, टाकीत गिट्टी

अ‍ॅक्वापोनिक्स, म्हणजे एकाच फिरत्या पाण्यावर मासे आणि भाजी वाढवणं, करायचं ठरतं. अंगणात हजार लिटरची माशांची टाकी येते, शेजारी गिट्टीचा (खडीचा) वाफा होतो, पालक-सांबार (कोथिंबीर) लावला जातो, मोटर जोडली जाते. मग त्या टाकीला बोडीसारखं, म्हणजे मासे पाळायच्या लहान तळ्यासारखं, वागवलं जातं. शेणाची पाटी ओतायची, वरून चुना मारायचा, पाणी हिरवं झालं की ‘पाणी पिकलं’ म्हणायचं आणि वीज वाचवायला रात्री मोटर बंद करायची. पंधरा दिवसांत मासे पोट वर करून तरंगतात आणि गावात एकच निकाल लागतो: अ‍ॅक्वापोनिक्स आपल्याकडे चालत नाही. गोंदियापासून अकोल्यापर्यंत हाच घोळ आहे. पद्धत चालते, पण ती शेततळ्याची लहान आवृत्ती नाही.

शेततळं तुम्हाला माहीतच आहे. पावसाळ्यात पाणी भरतं, शेण आणि सुपर फॉस्फेट पडतं, रोहू-कतला-मृगळची बोटुकली (बोटभर पिल्लं) सुटते, वर्षभरानं जाळं पडतं. आकार आणि खर्चाचा फरक डोळ्यांना दिसतो, तो सांगत बसत नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट करू. तळ्याचं पाणी पाइपानं वांग्याला दिलं म्हणजे अ‍ॅक्वापोनिक्स झालं नाही. तो पाण्याचा चांगला उपयोग आहे, जरूर करा, पण ते पाणी परत येत नाही. अ‍ॅक्वापोनिक्समध्ये तेच पाणी तासातासाला वाफ्यातून फिरून माशांकडे परततं. वाफ्यानं ते साफ केलं नाही, तर मासे त्याच विषात राहतात.

खरा फरक इथे आहे: माशाचा अमोनिया जातो कुठे?

मासा खाद्य खातो आणि कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. बोडीत पाणी भरपूर, मासे विरळ. पाण्यातलं हिरवं शेवाळ तो अमोनिया थेट खातं, उरलेला तळाच्या गाळात जिरतो. त्या शेवाळावर बारीक जीव वाढतात आणि त्यांच्यावर कतला. म्हणून तिथे शेण घालणं बरोबर आणि हिरवं पाणी चांगलं.

टाकीत एवढं पाणीही नाही, गाळही नाही. तिथे अमोनिया संपवतात ते गिट्टीच्या दाण्यादाण्यावर चिकटून राहणारे जिवाणू. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन माशांना विष, तिसरं झाडाला खत. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला धरून राहतात. त्यांना अंधार, भरपूर प्राणवायू आणि वेळ लागतो. नव्या गिट्टीवर ते नसतात, आणि पाणी कितीही नितळ दिसलं तरी त्यावरून ते आले की नाही हे कळत नाही. नितळ पाण्यात मासे मरतात ते यामुळेच.

म्हणून आधी गिट्टी पिकवायची, मग मासे. टाकी भरा, मोटर चालू करा आणि १००० लिटरला ८ ग्रॅम शुद्ध नवसागर (अमोनियम क्लोराइड) विरघळवा. त्यातून लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन मिळतं. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या किटनं अमोनिया आणि नायट्राइट मोजत राहा. अमोनिया संपला की तेवढाच डोस पुन्हा द्या. आधी अमोनिया उतरतो, मग नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. एक डोस २४ तासांत दोन्ही मापांवर शून्याला आला की टाकी तयार. ४ ते ६ आठवडे धरा, हिवाळ्यात जास्त. ही वाट न बघता पहिल्याच दिवशी बीज सोडणं हे माझ्या मते सगळ्यात महागात पडणारं काम आहे. घाईत सोडलंच असेल आणि कल्ले तपकिरी पडून मासे वर येत असतील तर ते नायट्राइट आहे. खाद्य थांबवा, १००० लिटरला १ किलो जाडं मीठ विरघळवून टाका. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

एवढं कळलं की बाकीच्या सवयी का सोडायच्या तेही कळतं. शेण टाकीत अमोनिया वाढवतं, प्राणवायू ओढतं, आणि कच्चा खायच्या सांबारावर त्यातले जंतू जातात, म्हणून एक मूठही नको. हिरवं पाणी म्हणजे टाकीवर ऊन पडतंय. शेवाळ रात्री प्राणवायू खातं, म्हणून टाकी झाका. मोटर थांबली की वाफ्यातला प्राणवायू संपतो, जिवाणू मरायला लागतात. भारनियमन असेल तर इन्व्हर्टरवर निदान हवेचा पंप चालायलाच हवा. आणि गिट्टी धुऊ नका. गाळ साचतो म्हणून वाफा उपसून धुणारे महिन्याची कमाई नाल्यात सोडतात. वाफ्यात मूठभर धुतलेली गांडुळं सोडा, गाळ ती खातात.

चुन्याचं वेगळं सांगतो, कारण मुरलेले मत्स्यशेतकरीही इथे चुकतात. अमोनियाचा विषारी भाग पाण्याच्या सामूवर (पीएचवर) ठरतो. ३० अंशाच्या पाण्यात सामू ७ असेल तर शंभरातला एक भागही विषारी नसतो. ८ ला सात-आठ भाग, ९ ला चाळीसच्या वर. आपल्या विहिरीचं पाणी आधीच जड, त्यात चुना मारला की कालपर्यंत चाललेला अमोनिया आज जीव घेतो. चुना लागतो, पण काही महिन्यांनी, जिवाणूंच्या कामानं सामू ६.५ च्या खाली उतरला की. तोही चिमटीचिमटीनं, पाण्यात कालवून, रोज मोजून.

मापं बोडीसारखी पाण्यावरून काढू नका, वाफ्यावरून काढा. पालेभाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य पुरतं. १००० लिटरच्या टाकीला ३० सेंटिमीटर खोलीचा सव्वातीन चौरस मीटर वाफा, म्हणजे रोज साधारण १५० ग्रॅम खाद्य. त्यावर अर्ध्या किलोपर्यंत वाढणारे २०-२५ मासे निघतात. शंभर बोटुकली टाकली की चौथ्या महिन्यात हिशेब चुकतो. एवढ्या वाफ्याची गिट्टी दीड टन भरते, पत्र्याच्या स्टँडवर ठेवू नका. आणि वाफा भरताना टाकीतलं तीन-साडेतीनशे लिटर पाणी ओढतो, म्हणून एकाच्या जागी तीन छोटे वाफे करा, बेल सायफन (वाफा भरला की तो आपोआप रिकामा करणारी नळी) आळीपाळीनं सुटू द्या. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. दीड मीटर चढायचं असेल तर ताशी २००० ते २५०० लिटरचा घ्या.

गिट्टी १२ ते २० मिलिमीटरची, काळ्या दगडाची, भुकटी धुतलेली. वणी-चंद्रपूरकडे चुनखडी भरपूर, म्हणून खड्यावर लिंबू पिळून बघा. फेस आला तर तो खडा सामू वर ओढत राहणार. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी वापरू नका, पागोळीचं साठवा. नळाचं पाणी ब्लीचिंगचं, दोन दिवस उघडं ठेवून मगच टाकीत.

माशांत कतला टाकीसाठी चुकीचा. तो तरंगते जीव खातो, स्वच्छ टाकीत खंगतो. सायप्रिनस (कॉमन कार्प) सोपा. पंगस आपल्या डिसेंबरात मान टाकतो. तिलापियाला परवानगी लागते, थाई मागूरवर बंदी आहे.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोह कमी आहे. माशांच्या खाद्यात ते पुरेसं नसतं. ६ टक्के ईडीडीएचए चिलेटेड लोह १००० लिटरला ३० ग्रॅम, तीन आठवड्यांनी एकदा. त्यानं पाणी लालसर होतं, घाबरू नका.

पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी चालू असेल त्या दिवशी टाकी आणि वाफा दोन्ही झाका. सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाचा अगदी थोडा अंशही माशांना पुरे होतो. निंबोळी अर्कही पाण्यात पडू देऊ नका. फवारणीचा पंप टाकीजवळ भरू नका, आणि ज्या बादलीत औषध कालवलं ती टाकीत बुडवू नका, तीनदा धुतली असली तरी.