हुकमाचे ताबेदार: एका सबबीची पार्श्वभूमी

‘आम्ही काय, हुकमाचे ताबेदार’ ही सबब जुनीच. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यासाठी १९४५ मध्ये तयार झालेल्या सनदेच्या आठव्या कलमाने ती निकालात काढली: वरून हुकूम होता म्हणून गुन्ह्यातून सुटका नाही, फार तर शिक्षा कमी होईल. तरी एप्रिल १९६१ मध्ये जेरुसलेमला खटला उभा राहिला तेव्हा नाझी अधिकारी आइकमनने काचेच्या पिंजऱ्यातून पुन्हा तेच सांगितले. लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांची व्यवस्था याच्याकडे होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅमने आपले प्रयोग सुरू केले. स्मरणशक्तीचा अभ्यास असल्याचे सांगून त्याने साडेचार डॉलर देऊन सामान्य माणसे बोलावली. समोर ३० बटणांचे यंत्र, १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत. पलीकडच्या खोलीतला ‘विद्यार्थी’ चुकला की त्याला आधीपेक्षा जोराचा विजेचा शॉक देणारे पुढचे बटण दाबायचे. कोणी कचरला की खोलीतला शास्त्रज्ञ ठरलेल्या चार, एकाहून एक कडक वाक्यांनी पुढे जायला सांगे. शॉक खोटे होते, विद्यार्थीही सामील होता. पण बटण दाबणाऱ्याला हे ठाऊक नव्हते.

यातली खरी मेख त्या १५ व्होल्टच्या पायरीत आहे, असे मला वाटते. एकदम ४५० चे बटण दाबायला सांगितले असते तर बहुतेक जण उठून गेले असते. पण १५० दिल्यावर १६५ ला नाही म्हणायचे कोणत्या तोंडाने? नकार दिला की आधीचे सगळेच चुकले, असे कबूल करावे लागते. १९६३ साली छापलेल्या निष्कर्षांत ३०० व्होल्टच्या आधी एकही जण थांबलेला नाही. त्या टप्प्यावर पलीकडून भिंतीवर धक्के ऐकू आले, तेव्हा पाच जण थांबले. ४० पैकी २६ शेवटपर्यंत गेले.

हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. मिलग्रॅमने परिस्थिती बदलून पाहिली ते मात्र विसरले जाते. हुकूम देणारा शास्त्रज्ञ खोलीबाहेर जाऊन फोनवरून सांगू लागला, तर शेवटपर्यंत जाणारे जेमतेम पाचातला एक उरले. सोबत बटणापाशी बसवलेल्या दोघा जोडीदारांनी नकार दिला, तेव्हा ४० पैकी चारच. दोन शास्त्रज्ञ आपसांतच भांडले, तेव्हा कोणीच नाही.

शिवाय त्या चार वाक्यांतले ‘तुम्हाला दुसरा पर्याय नाही, पुढे चला’ हे चौथे, सर्वांत कडक वाक्य सर्वांत कुचकामी ठरले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सौम्य पुनरावृत्तीत हे वाक्य ऐकल्यावर कोणीही पुढे गेले नाही. ‘प्रयोगासाठी हे गरजेचे आहे’ म्हटले की माणसे ऐकत. नुसता हुकूम सोडला की बिथरत. म्हणजे ताबेदारीपेक्षा ‘काहीतरी महत्त्वाचे काम चालले आहे’ हा विश्वास अधिक ओढत होता.

प्रयोगशाळेबाहेरचा दाखला याहून कठोर आहे. १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधल्या युझेफुफ गावात जर्मन राखीव पोलिसांच्या १०१ व्या बटालियनला ज्यूंना गोळ्या घालायच्या होत्या. बटालियनचा प्रमुख मेजर ट्राप याच्या डोळ्यांत पाणी होते. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावे, असे त्याने स्वतःच सांगितले. पहिला पोलीस पुढे आला तसा त्याचा कॅप्टन त्याच्यावर भडकला; ट्रापने कॅप्टनलाच गप्प केले. मग आणखी दहा-बारा जण आले. पाचशेच्या आसपास माणसांतले बाकीचे रांगेतच राहिले आणि त्या दिवशी सुमारे १,५०० माणसे मारली गेली. दिवस चढला तसे आणखी काही जण निमित्ते काढून बाजूला झाले. आमच्याच्याने हे होत नाही, असे ते सांगत. हे करूच नये, असे क्वचितच कोणी म्हटले.