मुका मार : स्नायूंतील इजेचे वयनिर्धारण

कातडी न फाटता आतल्या आत लागलेला मार म्हणजे मुका मार. घरच्या बोलण्यात आणि पोलिसांच्या कागदांत हाच शब्द चालतो. अशा जागी स्नायूंत साकळलेले रक्त आणि तुटलेले तंतू तपासून ती इजा मृत्यूच्या किती आधी झाली असावी याचा अंदाज न्यायवैद्यक तज्ज्ञ बांधतात.

पुण्यात संशयास्पद मृत्यूंची शवचिकित्सा मुख्यतः ससून रुग्णालयाच्या (स्थापना १८६७) शवागारात होते, ती बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचा न्यायवैद्यक विभाग करतो. १ जुलै २०२४ पासून आकस्मिक मृत्यूचा पंचनामा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १९४ खाली येतो, तर कोठडीतील मृत्यूची चौकशी कलम १९६ खाली. मुक्या माराचा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो या दुसऱ्या प्रकारात.

सावळ्या कातडीवर मार पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून पाठ, नितंब, मांड्या आणि पोटऱ्यांवर लांब छेद देऊन थराथराने आत जावे लागते. वरून मांडी स्वच्छ, पण चरबीखाली स्नायू पिकल्या जांभळासारखा काळपट, असे चित्र समोर येते. पाण्याची धार सोडून पाहतात. मृत्यूनंतर खालच्या बाजूला उतरलेले रक्त शिरांच्या आत असते, ते धुऊन जाते. माराचे रक्त तंतूंमध्ये मुरलेले असते, ते जात नाही.

मग स्नायूचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावात), पुढे मेणाच्या ब्लॉकमध्ये, आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर. पहिल्या तासाभरात रक्तस्राव आणि आकसलेले, तुटलेले तंतू यांपलीकडे फारसे काही नसते. साधारण ४ ते १२ तासांत न्यूट्रोफिल पेशींची (इजेच्या जागी आधी धावणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) गर्दी ठळक होते. दिवस उलटला की मॅक्रोफेज, म्हणजे मेलेले अवशेष गिळणाऱ्या पेशी, येतात आणि दोन दिवसांत मेलेले तंतू पोखरू लागतात. तंतूला चिकटून निपचित असलेल्या, दुरुस्ती करणाऱ्या सॅटेलाइट पेशी दोन-तीन दिवसांत वाढतात; आठवड्याच्या सुमारास कोवळे तंतू दिसतात. त्यांचे केंद्रक कडेला नसून मधोमध असते, ही त्यांची खूण. मोडलेल्या रक्तपेशींतील लोह सहसा ३ दिवसांनंतर पर्ल्स रंजनात (लोह दाखवणाऱ्या रंगात) निळे उठते. मात्र ते पुढे आठवडेच्या आठवडे टिकते, त्यामुळे ‘यापेक्षा जुना नाही’ असे त्यावरून म्हणता येत नाही.

हे घड्याळ जिवंतपणीच चालते. मार लागून अर्ध्या तासात माणूस दगावला तर काचपट्टी ‘ताजा’ एवढेच सांगते, मग प्रेत चार दिवसांनी सापडले तरी. मधुमेह, उतारवय, स्टेरॉइड यांनी काटे मंदावतात. इस्पितळात दिलेले इंजेक्शन आणि जीव वाचवण्यासाठी दाबलेली छातीही स्नायूंत रक्त सोडते. म्हणून उपचारांचे कागद वाचल्याशिवाय मत देऊ नये.

न्यायालयात वकील तास विचारतात: सकाळचा मार की रात्रीचा? तेवढी बारीक फोड स्नायू करत नाही, आणि ती करून दाखवणाऱ्या साक्षीकडे संशयानेच पाहावे. मार एकाच वेळचा की निरनिराळ्या दिवसांचा, याचे उत्तर मात्र तो बऱ्याच भरवशाने देतो. ‘आज सकाळी जिन्यावरून पडल्या, त्याआधी काही नव्हते’ असा घरच्यांचा जबाब असावा, आणि दंडाच्या तुकड्यात न्यूट्रोफिल तर पाठीच्या तुकड्यात निळे लोह व कोवळे तंतू दिसावेत. पाठीचा मार त्या सकाळचा नसतो.