मागचं दार होतं का?

इंग्लंडमधलं लीड्स शहर पाहून गेलेल्या कुणाचंही मराठी प्रवासवर्णन उघडा, चौथ्या-पाचव्या परिच्छेदात हे वाक्य भेटतंच: 'इथे लाल विटांची बॅक-टू-बॅक घरं आहेत, म्हणजे एकाला लागून एक, ओळीने.' नाही हो. लागोपाठ असतात त्या बॅक-टू-बॅक मीटिंगा. घरांच्या बाबतीत शब्द म्हणतो तेच खरं: पाठीला पाठ. एकाला लागून एक ओळीने असतात ती टेरेस घरं, आणि त्या टेरेसचा गच्चीशी काडीचा संबंध नाही, हेही सांगून ठेवते.

पाहुण्यांचं एक वेळ सोडा. इथलेच ऐंशीच्या घरातले लोक बालपण सांगताना सर्रास हा घोळ घालतात आणि नातवंडं तो घराण्याचा इतिहास म्हणून लिहून ठेवतात. आमच्या भागातल्या जुन्या घरांच्या आणि गल्ल्यांच्या आठवणी मी काही वर्षं हौसेने टिपून घेते आहे. तेच ते इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा सगळं लिहूनच टाकते.

ओळीतलं साधं घर तुम्हाला माहीत आहे. इंग्लंडचं कुठलंही चित्र डोळ्यांपुढे आणा, तेच दिसतं. पुढचं दार रस्त्यावर, मागचं दार परसात, खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, परसाच्या टोकाला संडास, त्यापलीकडे बोळ आणि बोळापलीकडे दुसऱ्या ओळीची परसं. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर गावोगावी बांधकामाचे नियम झाले आणि या एका साच्यातून गल्ल्याच्या गल्ल्या निघाल्या. १८७७ च्या नमुना नियमांत गाडीरस्ता किमान ३६ फूट रुंद आणि घरामागे किमान १५० चौरस फूट मोकळी जागा सांगितली होती. लीड्सची माणसं याला 'थ्रू' म्हणतात. घरांच्या दलालांच्या पाटीवरही तोच शब्द असतो. मी मराठीत आरपार घर म्हणते, कारण पुढचं आणि मागचं दार उघडं टाकलं की वारा आणि मांजर दोघंही आरपार जातात.

आता दुसरं. एक लांबलचक इमारत घ्या आणि तिच्या मधोमध, कण्यासारखी, एक भिंत घाला. भिंतीच्या अलीकडची घरं या रस्त्याकडे तोंड करून, पलीकडची त्या रस्त्याकडे. म्हणजे डावीकडे शेजारी, उजवीकडे शेजारी आणि पाठीमागेही शेजारीच. चारांतल्या तीन भिंती वाटून घेतलेल्या, उघडी फक्त दर्शनी. दार तिथेच, सगळ्या खिडक्या तिथेच. मागचं दार नाही, मागची खिडकी नाही, परसू नाही. या घराला मागची बाजूच नसते, तिथे दुसऱ्या कुणाची तरी बैठकीची खोली असते.

मुंबईच्या माणसाला हे पटकन समजतं. बीडीडी चाळीत मधे बोळ आणि दोन्हीकडे खोल्या, प्रत्येक खोलीला खिडकी एकाच बाजूला. तो मधला बोळ काढून टाका, दोन्हीकडच्या खोल्या एकमेकींना चिकटवा, की झालं बॅक-टू-बॅक. गिरगावातल्या गॅलरीच्या चाळीची उपमा मात्र देऊ नका, तिथे खोल्या नुसत्या एकाला लागून एक असतात.

मी इथे आले तेव्हा पहिली दोन वर्षं लीड्सच्या हेअरहिल्स भागात अशाच घरात भाड्याने राहिले. माझ्या उशापासून हातभर अंतरावर, भिंतीपलीकडे, कुणीतरी गृहस्थ रोज पहाटे खोकायचे. त्यांचा खोकला मला पाठ झाला होता, पण चेहरा माहीत नव्हता. त्यांच्या दारी जायचं तर ओळीच्या टोकापर्यंत चालत जाऊन, वळसा घालून, पलीकडच्या रस्त्याला लागून तितकंच परत चालायचं. त्यांचा पत्ताच वेगळ्या रस्त्याचा. शेवटी बसथांब्यावर त्या खोकल्याने ओळख पटली. कुकरच्या शिट्ट्या माझ्याच का, एवढंच त्यांनी विचारलं. (पत्त्यांचं म्हणाल तर लीड्सच्या या वस्त्यांत रस्त्यांचं कुळ एक आणि शेपूट तेवढं वेगळं: बेझवॉटर रो, बेझवॉटर माउंट, बेझवॉटर ग्रोव्ह, बेझवॉटर टेरेस, बेझवॉटर व्ह्यू. आईची पत्रं शेजारच्या रस्त्यांवर फिरून येत. माउंटवर चढ आणि ग्रोव्हमध्ये झाडं शोधायला जाऊ नका.)

मग घोळ होतो तरी कुठे? वाचनालयातल्या चहाच्या वेळी एक आजी भेटल्या, वय ब्याऐंशी.

'आमचं बॅक-टू-बॅक होतं,' त्या म्हणाल्या. 'कोळसेवाला मागच्या बोळातून यायचा. आई मोरीच्या खिडकीतून पोती मोजायची. लबाड होता मेला.'

मी पेन खाली ठेवलं. मोरीची खिडकी कुठल्या अंगाला, विचारलं. मागे, परसाकडे. म्हणजे मागचं दारही होतं?

'अगं लव्ह, मागच्या दारानेच तर सगळी ये-जा. पुढचं दार उघडायचं ते लग्नाला नाहीतर मयताला.'

मग ते बॅक-टू-बॅक नव्हतं, असं म्हटल्यावर मी त्यांच्या आईला नावं ठेवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. 'आमची पाठ पलीकडच्या ओळीच्या पाठीकडे होती,' त्या ठासून म्हणाल्या. 'मग याला दुसरं काय म्हणायचं?'

घोळाचं मूळ हेच. पाठी एकमेकींकडे असणं वेगळं आणि पाठी एकमेकींना चिकटलेल्या असणं वेगळं. आरपार घरांच्या दोन ओळींमध्ये दोन परसं आणि एक बोळ असतो. बॅक-टू-बॅकच्या दोन ओळींमध्ये एका भिंतीखेरीज काही नसतं.

बरं, मी स्वतःही बरीच वर्षं चुकीचा प्रश्न विचारत होते. 'यार्ड होतं का?' असं विचारायचे आणि 'हो' आलं की आरपार लिहून मोकळी. पण यार्ड हा शब्द फसवा आहे. बर्मिंगहॅमचंच बघा. तिथे बॅक-टू-बॅकची एक रांग रस्त्याकडे तोंड करून, आणि तिच्या पाठीला चिकटलेली दुसरी रांग आतल्या सामाईक चौकाकडे तोंड करून. चौकात संडास आणि कपडे धुण्याची खोली, सगळ्यांना मिळून. आतल्या घरांचा पत्ताही 'अमुक नंबरच्या मागे' असा. तिथे वाढलेला माणूस 'आम्ही यार्डात खेळायचो' म्हणतो ते खरंच असतं, पण ते यार्ड त्याच्या घराच्या पुढे होतं. लीड्समध्ये १८६६ च्या कायद्याने आठ-आठ घरांचे गट पाडायला लावले आणि दोन गटांच्या मधे संडासांसाठी मोकळी जागा सोडायला लावली. तेही यार्डच, पण घराच्या बाजूला. त्या जागा अजून आहेत, आता तिथे कचऱ्याचे डबे उभे असतात.

म्हणून आता मी विचारते ते एवढंच: रात्री संडासला जायचं झालं तर कुठल्या दाराने बाहेर पडायचात? मागच्या म्हणाले तर आरपार. पुढच्या दाराने, कोटाच्या खिशात संडासची किल्ली घालून, फुटपाथवरून चालत म्हणाले तर बॅक-टू-बॅक. ही किल्ली फार लोकांना आठवते. ती हरवू नये म्हणून तिला दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ बांधलेलं असायचं. पावसात, नाइटगाऊनवर कोट चढवून, रीळ हातात धरून जाणारी आई ज्याला आठवते त्याला पुढे काही विचारायची गरज नसते.

कपड्यांच्या दोरीवरूनही कळतं. परसू असलं की दोरी परसात. नसलं की दोरी रस्त्यावरच, या घरापासून समोरच्या घरापर्यंत. सोमवार हा धुण्याचा वार. एखादी गाडी आली की बायका काठीने दोऱ्या वर उचलून धरायच्या आणि गाडी चादरींच्या खालून जायची.

बाकी फरक किरकोळ. पत्र्याचा टब दोन्हीकडे होता, बाहेरचा संडास दोन्हीकडे होता, पायरी घासून पांढरी करायचं वेड दोन्हीकडे होतं. त्यांवरून काहीही ठरत नाही. बर्मिंगहॅमच्या 'टनेल-बॅक'ने गोंधळू नका, नावात बॅक असलं तरी ती आरपारच. आणि पाठीमागे कुणीच नाही, तरी मागची भिंत कोरीच, असंही घर असतं. त्याला आंधळ्या पाठीचं म्हणतात.

हा भेद मी एवढा का धरून बसते? कारण कायदा आणि डॉक्टर दोघांनीही तोच धरला होता. एका बाजूने आलेली हवा दुसऱ्या बाजूने जात नाही, हा या घरांवरचा मुख्य आक्षेप. मँचेस्टरने १८४४ मध्येच अशी नवी घरं जवळजवळ थांबवली. १९०९ च्या कायद्याने देशभर बंदी आली. १९१० मध्ये डॅरा मेअर या सरकारी डॉक्टरने लीड्सच्या आसपासच्या वेस्ट रायडिंग भागातल्या गिरणीगावांत दोन्ही प्रकारच्या घरांतले मृत्यू ताडून पाहिले. छातीच्या रोगांनी आणि लहान मुलांत बॅक-टू-बॅकमधलं प्रमाण जास्त निघालं. लीड्सने मात्र बंदीआधी मंजूर झालेले नकाशे फडताळातून काढून काढून बांधकाम चालूच ठेवलं. शेवटची घरं झाली १९३७ मध्ये! विटा कमी, जमीन कमी, म्हणून भाडंही कमी.

पण बॅक-टू-बॅक म्हणजे झोपडपट्टी असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. पाडून टाकली ती आधीची, कोंदट. नंतरच्या पिढीतल्या घरांना आत संडास आहे, पुढे हातभर बाग आहे, खाली तळघर, वर पोटमाळा, आणि तीन बाजूंना शेजारी असल्यामुळे हिवाळ्यात ऊब. लीड्समध्ये अशी १९,००० हून जास्त घरं आजही नांदती आहेत. माझं ते घर आताच्या माझ्या आरपार घरापेक्षा उबदार होतं, हे मी गॅसच्या बिलावरून सांगते.

स्वतः ओळखायचं असेल तर ओळीच्या टोकाच्या त्रिकोणी भिंतीपाशी उभं राहा. छपराच्या दोन्ही उतारांखाली एकच घर असेल आणि एका अंगाला परसाची भिंत असेल तर आरपार. एका उताराखाली एक घर, दुसऱ्याखाली दुसरं, दोन्हीकडे पुढचीच दारं दिसली तर बॅक-टू-बॅक. घर आतून बघायचं तर बर्मिंगहॅमला इंज स्ट्रीट आणि हर्स्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने एक चौक जपला आहे. २००४ पासून तो लोकांना खुला आहे. आधी नाव नोंदवून मार्गदर्शकाबरोबरच जावं लागतं, आणि जिने अरुंद आहेत, गुडघे सांभाळा.

आणि घर पाडलेलं असेल तर जुना नकाशा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे सरकारी नकाशा खात्याचे, जुने नकाशे फुकट बघता येतात. मैलाला २५ इंचांचा घ्या. आरपार ओळीमागे परसांची बारीक दातेरी पट्टी दिसते. बॅक-टू-बॅकचा ठोकळा सलग असतो, मधोमध एक रेघ.

आजींची गल्ली साठच्या दशकात पाडली. नकाशावर मी ती काढून दिली तेव्हा त्यांनी भिंग लावून आपलं घर शोधलं, परसू शोधलं, बोळात कोळसेवाला कुठे उभा राहायचा ते बोटाने दाखवलं. दातेरी पट्टी स्पष्ट होती.

'दिसतंय मला,' त्या म्हणाल्या. 'तरी आम्ही बॅक-टू-बॅकच म्हणायचो.'

माझ्या वहीत त्यांच्या शब्दांत तसंच लिहिलंय. पुढे कंसात, पेन्सिलीने: आरपार.